नाव नको, नंबर सांगा

सॉफ्टबॉलच्या निवड चाचणीत मी बरीच वर्षं खोटं वागले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे ताठ मानेने सांगणार आहे ते वाचताना मी कुणी फार सरळ बाई होते असा गैरसमज व्हायला नको.

मी डहाणूतल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. जन्म जवळच्याच किनाऱ्यावरच्या आगर गावचा. घरची होडी होती, आई बाजारात मासळी विकायची आणि मी शाळेच्या संघात कॅचर होते, म्हणजे बॅट मारणारीच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी. गुडघे त्याच वयात कामातून गेले, पण त्या खेळाने मला नोकरी दिली. म्हणून सॉफ्टबॉलबद्दल कुणी वाकडं बोललं की मला आजही राग येतो.

दर वर्षी डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून मिळून सतरा वर्षांखालच्या मुलींचा एक संघ निवडतात. सोळा जणी. त्यासाठी पन्नासेक मुली एका मैदानावर येतात. कडेला मांडव असतो, मांडवात तीन खुर्च्या आणि खुर्च्यांवर आम्ही तीन निवडकर्ते. मुली उन्हात धावतात, फेकतात, झेलतात. आणि मांडवात काय चालायचं? पहिल्या चहाला गप्पा, दुसऱ्या चहाला वाटणी. "मॅडम, तुमच्या पाच धरा, आमच्या सहा, उरलेल्या त्या क्लबच्या." दुसरा कप खाली ठेवेपर्यंत संघ झालेला असायचा. मैदानावर अजून निम्म्या मुलींची पाळीसुद्धा आलेली नसायची. मी त्या वाटणीत होते. माझ्या शाळेच्या पाच मुली मी दर वर्षी घालत होते आणि शाळेत मुख्याध्यापकांची शाबासकी घेत होते.

मग एका वर्षी चाचणी संपल्यावर मी गाडीला किल्ली लावत होते, तेव्हा एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. गंजाड गावची. हातात ग्लोव्ह नव्हता, पायात रबरी सपाता होत्या, आणि चेहऱ्यावर धूळ घामाने चिकटून बसली होती.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मी या मुलीला दिवसभरात एकदाही पाहिलेलं नाही. ती नक्की धावली असणार, तिने चेंडू झेलले असणार, ती तीन तास उभी असणार. मी पाहिलं नव्हतं.

"काही चुकलं नाही गं," मी म्हटलं. "अजून सराव कर."

"कशाचा?"

तिने हे उर्मटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. झेलण्याचा, फेकण्याचा, धावण्याचा, बॅटिंगचा? मी काहीतरी बोलले. "सगळ्याचाच," असं असावं. तिने मान हलवली आणि ती एस.टी. स्टँडच्या दिशेने चालत गेली. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. म्हणजे तिच्यापुरता तो हिशोब मिटला, आणि मला तो कधी दुरुस्त करता येणार नव्हता.

मी घरी आले, जेवले, झोपले. पण तिचा तो एक शब्द, ‘कशाचा?’, मला वर्षभर टोचत राहिला. बाजारात माझी आई पापलेट विकायची तेव्हा गिऱ्हाइकाने "हा घेते, तो नको" म्हटलं की आई विचारायची, "का नको? सांग तरी." गिऱ्हाइकाला सांगता यायचं, डोळा बसलाय, कल्ला काळा पडलाय. मेलेल्या माशाला कारण मिळतं. त्या पोरीला मी तेवढंही दिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी निवड समितीचे प्रमुख निवृत्त झाले आणि प्रमुखपद माझ्याकडे आलं. मी ठरवलं, या खेपेला वाटणी होणार नाही.

तयारीला मी दोन आठवडे घेतले. जुन्या चादरी फाडून चौकोनी तुकडे केले, त्यांवर मार्करने मोठे आकडे काढले. हे तुकडे मुलींनी छातीला आणि पाठीला पिनांनी लावायचे. नाव नाही, शाळा नाही, शाळेचा टी-शर्टसुद्धा नाही. साधा कुठलाही सदरा. प्रत्येक मुलीला दहा सरपटी चेंडू, पाच उंच चेंडू, सहा फेकी, होमपासून, म्हणजे बॅट मारायच्या जागेपासून, पहिल्या बेसपर्यंत दोनदा धाव, आणि शेवटी बॅटिंगला बारा चेंडू. झेलला की एक गुण, पुढची फेक छातीच्या उंचीला पोचली की आणखी एक. तिघांनी तीन कोपऱ्यांत बसायचं, आपापल्या कागदावर लिहायचं, आणि कागद माझ्या हातात पडेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. आणि आपल्या शाळेच्या मुलीला आपण गुण द्यायचे नाहीत, ते बाकीच्या दोघांनी द्यायचे, आणि शेवटी सरासरी धरायची.

हा शेवटचा नियम मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. कारण माझ्या शाळेच्या मुलींत माझी भाचीही होती. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तीही कॅचर. मीच तिला चार वर्षं शिकवत होते.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा दुसरे निवडकर्ते सर मांडवात बसलेले होते. हे गावातल्या एका मोठ्या शाळेचे, माझ्याहून दहा वर्षांनी वडील, तोंडाने गोड आणि खेळातलं खरंच जाणणारे. तिसरा एका खाजगी क्लबचा तरुण कोच, राज्यपातळीवर खेळून आलेला. सरांनी मला बघून खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"मॅडम, तुमचं काम सोपं केलंय. यादी झालीय."

"चाचणी व्हायचीय ना सर अजून."

"ती होईलच. ती काय, होतच असते."

"मग यादी नंतर करू," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात माझा छापलेला तक्ता ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग हसले.

"मॅडम, पोरींची निवड आहे, तलाठ्याची परीक्षा नाही. वीस वर्षं बघतोय मी. पोरगी चालत आली की मला कळतं."

"मग नंबरावरूनही कळेल तुम्हाला."

तरुण कोचने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. त्याने तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, तक्रारीसाठी काढला असेल. पुढे कळलं, त्याला तो आवडला होता.

नऊ वाजता मुली मोजल्या तर आठ कमी. तलासरी तालुक्यातल्या उधव्याच्या बाजूच्या एका आश्रमशाळेच्या. त्यांच्या सरांना फोन लावला. वाटेत जीपचं चाक पंक्चर झालं होतं आणि स्टेपनीतही हवा नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, मुली हायवेपर्यंत चालत निघाल्यात. तिथून काहीतरी मिळेल. तासभर द्या."

सरांनी घड्याळ दाखवलं. "पत्रकात नऊ लिहिलंय. नियम म्हणजे नियम."

"पत्रक काढणाऱ्याच्या घरापासून हे मैदान किती लांब आहे सर?"

"तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे. तुमच्या मुली पायी पाच मिनिटांत आल्या. त्या मुली पहाटेपासून निघाल्यात. थांबायचं."

मांडवाबाहेर पालक उभे होते. एक बाई पुढे आल्या, चांगल्या घरच्या, हातात मुलीची पाण्याची बाटली. "आमच्या मुलींनी उन्हात का ताटकळायचं? पुढच्या उन्हात त्यांचा खेळ बिघडला तर?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी सगळ्या मुलींना कुंपणालगतच्या चिकूच्या झाडांखाली बसवलं आणि म्हटलं, "ताई, ऊन सगळ्यांना सारखंच लागेल. सकाळचा गारवा काहींना आणि दुपारचं ऊन काहींना, असं मी होऊ देणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या घरातून काहीतरी उचलून नेलंय.

सव्वादहाला मुली आल्या. भाजी घेऊन येणाऱ्या एका टेंपोत मागे बसून. उतरल्या त्या सरळ रांगेत उभ्या राहिल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी त्यांना पाणी प्यायला आणि अंग मोकळं करायला वेळ दिला, नंबर लावले, आणि सुरुवात केली.

चेंडू मारून द्यायला मी मुद्दाम सरांनाच बोलावलं; एकेकीची पाळी संपली की ते बॅट टेकवून आपल्या कागदावर गुण लिहायचे. खरं तेच सांगायला हवं, त्यांच्याइतके एकसारखे सरपटी चेंडू आमच्या दोन तालुक्यांत कुणी मारत नाही. बॅट हातात आली आणि माणूस बदलला. यादी विसरले. प्रत्येक मुलीला तोच वेग, तीच रेषा. मी कोपऱ्यात बसून मोजत होते आणि मनात म्हणत होते, अहो, एवढा न्याय हातात असताना खिशात तो कागद कशाला ठेवता?

ग्लोव्हचाही नियम मी केला होता. काहींकडे नवे कोरे महागडे ग्लोव्ह, काहींकडे काहीच नाही. म्हणून सगळ्यांनी शाळेचे जुने, मऊ पडलेले ग्लोव्ह वापरायचे. मला वाटलं, झालं, सगळ्या एका पातळीवर आल्या. मग एकतीस नंबर आली. उधव्याच्या गटातली, बारकी, उंच. तिने ग्लोव्ह डाव्या हातात घातला, चेंडू झेलला, ग्लोव्ह काखेत दाबला, त्याच डाव्या हाताने चेंडू बाहेर ओढला आणि फेकला. फेक बरोबर छातीवर, पण वेळ दुप्पट.

डावखुरी. आणि शाळेचे सगळे ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणारीचे. माझ्या त्या देखण्या तक्त्यात डावखुऱ्या मुलीसाठी जागाच नव्हती.

मी चाचणी थांबवली. "डावखुरा ग्लोव्ह कुणाकडे आहे?"

कुणी हात वर केला नाही. क्लबच्या एका मुलीच्या पिशवीतून निळा ग्लोव्ह डोकावत होता. तरुण कोच म्हणाला, "मॅडम, तो तिचा पर्सनल आहे. आणि तुम्हीच म्हणालात, स्वतःचं काही वापरायचं नाही."

तो म्हणाला ते खरंच होतं. माझाच नियम माझ्या तोंडावर आला. मी म्हटलं, "नियम चुकला. मी बदलते. डावखुऱ्या दोघी आहेत, दोघींनी तोच एक ग्लोव्ह वापरायचा."

"असा मध्येच नियम बदलता येतो?" सरांनी बॅट खांद्यावर टेकवत विचारलं.

"चुकीचा आहे हे कळल्यावर न बदलणं जास्त वाईट, सर."

कोच त्या मुलीला काही सांगणार, तेवढ्यात ती मुलगी उठली. निळा ग्लोव्ह घेऊन एकतीस नंबरकडे गेली, तिच्या उजव्या हातात घालून दिला आणि म्हणाली, "करंगळीकडे जरा घट्ट आहे, असं दाबून धर." मग जाऊन आपल्या जागी बसली. एकतीस नंबरने पाच चेंडू सवयीला घेतले, मग दहा परीक्षेचे. नऊ झेलले. फेकी तर अशा, की पहिल्या बेसवर उभी असलेली मुलगी हात झटकत बसली.

मी पाणी प्यायला उठले तेव्हा न बोलण्याचा माझाच नियम विसरून सरांना म्हटलं, "या भागातल्या पोरींचा हात बघा. लहानपणापासून कैऱ्या पाडून तयार झालेला असतो."

एकतीस नंबर माझ्या मागेच उभी होती, माठाशी. ती हळू आवाजात, पण सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी कैऱ्या नाही पाडत. आमचे सर रोज शंभर फेकी करायला लावतात. शाळेमागे भिंतीवर गोल काढलाय. मी दोनशे करते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण माझ्या कागदावर तिच्या नंबरापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं, "नैसर्गिक ताकद." म्हणजे शहरातली मुलगी चांगली फेकते ती शिकवणीमुळे आणि पाड्यावरची फेकते ती निसर्गामुळे. मी आगरची कोळीण, मला लहानपणी किती जणांनी सांगितलं होतं, "तुम्हाला काय, समुद्राची हवा, बळकटच असणार." तेव्हा मला चीड यायची. आणि आज तेच वाक्य मी फिरवून तिच्या अंगावर टाकलं होतं. मी कोपऱ्यात जाऊन तो शेरा खोडला आणि लिहिलं, "भरपूर सराव. फेक अचूक."

"चुकलं माझं," मी तिला म्हटलं.

तिने माठातून पेला भरला. पाणी प्यायली आणि गेली.

दुपारी कॅचरची चाचणी झाली. दोन कॅचर घ्यायच्या होत्या, आल्या होत्या पाच. माझी भाची चौथी. मी नियमाप्रमाणे पेन खाली ठेवलं आणि नुसती बघत राहिले. पहिले दोन चेंडू तिच्या हातून निसटले. नंतर सावरली, पण दुसऱ्या बेसवरच्या तिच्या फेकी उशिरा पोचत होत्या. मला दिसत होतं, आणि दिसतंय ते कागदावर नसावं असं मनातून वाटतही होतं. तलासरीच्या एका शाळेची मुलगी तिच्यानंतर आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, हसरी. तिची फेक बॅटवरून सुटल्यासारखी जात होती.

कागद गोळा झाले. बेरीज मी नाही, त्या तरुण कोचने केली, सगळ्यांसमोर, मोठ्याने. कॅचरमध्ये माझी भाची तिसरी. सरांच्या सकाळच्या यादीतल्या चौघी सोळात बसत नव्हत्या. निळ्या ग्लोव्हवाली सहज बसत होती. उधव्याच्या आठांतल्या तिघी बसत होत्या.

सरांनी मला बाजूला घेतलं. खरंच मायेने बोलले ते, हे मला मान्य करावं लागेल.

"मॅडम, हट्ट पुरे. तुमची भाची आपण घेऊ. घरची पोर आहे, चार वर्षं घासलंय तिने. माझ्या फक्त दोघी घ्या. तिघींची अदलाबदल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल."

"घरी काय सांगाल?"

"नंबर सांगेन. गुण सांगेन."

"घरात गुण चालत नाहीत, मॅडम."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. मी फक्त म्हटलं, "सही करा सर. तुमच्याच हाताने लिहिलेले गुण आहेत." त्यांनी गुणांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी सही केली. का केली, मला आजही नीट माहीत नाही. कदाचित दिवसभर बॅट मारून त्यांनाही त्या पोरी दिसल्या असतील.

यादी मी मैदानात उभी राहून वाचली, नुसते नंबर. मग म्हटलं, "ज्यांचा नंबर नाही त्यांनी जायच्या आधी माझ्याकडे या. तुमचा कागद बघा. काय कमी पडलं ते विचारा. मी सांगेन." मला वाटलं होतं चार-पाच जणी येतील. रांग लागली. रडणाऱ्याही आल्या, रागावलेल्याही आल्या. एकीला सांगितलं, तू चेंडूची वाट बघतेस, पुढे जाऊन घे. एकीला सांगितलं, तुझे उंच झेल पाचही बरोबर आहेत, धाव कमी पडली. ज्या बाई सकाळी माझ्यावर चिडल्या होत्या त्याही मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या बॅटिंगचे गुण बघून त्या म्हणाल्या, "पण कुणी आम्हाला हे आधी सांगितलंच नाही." शेवटची मुलगी गेली तेव्हा माझा घसा बसला होता.

माझी भाची रांगेत आली नाही. ती पिशवी घेऊन माझ्या आधीच रिक्षाने निघून गेली.

संध्याकाळी मी आगरला गेले. वहिनी काठ्यांवरचे वाळलेले बोंबील उतरवत होती. मला बघून तिने हात थांबवला नाही.

"आलीस?"

"आले. पोर कुठेय?"

"आत. जेवत नाही." तिने बोंबलांची जुडी टोपलीत आपटली. "परक्या पोरी खांद्यावर घेतल्यास आणि घरची पायाखाली टाकलीस. त्या उधव्याच्या पोरी तुला काय देणार आहेत गं?"

"काही नाही देणार. वहिनी, तिसरी आली ती."

"तिसरी आली तर दुसरी करायला किती वेळ लागतो? लोक करतात. सगळे करतात."

"मीही केलं इतकी वर्षं. तेव्हा कुणाची तरी पोर अशीच आत उपाशी बसत असेल. ती तुझी नव्हती म्हणून तुला दिसली नाही. मलाही नाही दिसली."

वहिनीने उरलेले बोंबील टोपलीत भरले. टोपली उचलून आत गेली. त्या वर्षी गौरी-गणपतीला मला बोलावणं आलं नाही. भाऊ मधेमधे भेटायचा, पण तोही मान खाली घालून.

आठेक दिवसांनी भाची शाळेत माझ्या टेबलाशी आली. "आत्या, माझा कागद दाखव."

मी दाखवला. तिने बोट ठेवून वाचला. सरांनी तिच्यापुढे शेरा लिहिला होता, "फेकीआधी पाय वळत नाही. सवय जुनी."

"सवय जुनी म्हणजे?"

"म्हणजे बऱ्याच दिवसांपासून तसं करतेयस."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण आवाज अगदी कोरडा. "चार वर्षं मला तूच शिकवतेस. सरांना एका दुपारी दिसलं. तुला नाही दिसलं?"

मला दिसलं होतं. पहिल्या वर्षीच दिसलं होतं. घरची पोर, कशाला टोकायचं, मोठी झाली की आपोआप सुटेल, असं म्हणत मी सोडून दिलं. आणि मनातून खात्री होतीच, की निवडीत आपण बसलेलो आहोत. तिला मी लाडाने मागे ठेवलं होतं. हे मी तिला तसंच सांगितलं, शब्द न बदलता. ती म्हणाली, "मग आता सकाळी साडेसहाला ये. रोज." मी गेले. ती महिनाभर माझ्याशी पायाच्या हालचालीव्यतिरिक्त एक शब्द बोलली नाही.

दरम्यान माझ्याविरुद्ध तक्रारअर्ज गेला होता. निवडप्रमुखाने चाचणी उशिरा सुरू केली, नियम मध्येच बदलले, एका ठराविक शाळेला झुकतं माप दिलं. वरच्या कार्यालयात मला बोलावलं. मी सगळे तक्ते फायलीत घालून नेले. साहेबांनी पानं उलटली. एका पानावर थांबले.

"हा नियम तुम्ही मध्येच बदलला हे खरं?"

"खरं. डावखुऱ्या मुलीला उजवा ग्लोव्ह दिला होता मी. चूक माझी होती."

"वेळ वाढवली हेही खरं?"

"तेही खरं. परत तसंच झालं तर परत वाढवेन."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, एवढा व्याप कशाला करता? शेवटी पोरींचा खेळ आहे."

"पोरींचा आहे म्हणूनच तुम्हाला व्याप वाटतोय, साहेब," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं. मागे घ्यावंसं तेव्हाही वाटलं नाही.

यादी तशीच राहिली. तरुण कोचने मी न मागताच लेखी दिलं होतं की बेरीज त्याने केली आणि ती बरोबर आहे. संघ बाहेर खेळायला गेला आणि दुसऱ्याच सामन्यात हरला. परत आल्यावर सर मला बाजारात भेटले. "बघा मॅडम, एवढं करून काय झालं?" मी म्हटलं, "तुमच्या यादीचा संघही दर वर्षी हरतच होता, सर. निदान या वर्षी हरणाऱ्या पोरींना कुणाची चिठ्ठी लागली नव्हती." ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. पिशवीत कोथिंबीर टाकून गेले.

पुढच्या वर्षी समितीत माझं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. माझी भाची त्या वर्षी संघात आली. मी समितीत नसताना आली, याचा तिला माझ्याहून जास्त आनंद झाला आणि तो तिने लपवलाही नाही.

समिती गेली तरी तक्ते माझ्याकडे होते. माझ्या शाळेचा संघ मी आता तसाच निवडते. काही पालक कुरकुर करतात, करू देत. गेल्या वर्षी उधव्याकडच्या त्या आश्रमशाळेच्या सरांनी मला त्यांच्या शाळेची निवड घ्यायला बोलावलं. मी गेले तर मुलींनी आधीच कापडाचे नंबर लावून ठेवले होते, कोळशाने काढलेले. तिथे चेंडू मीच मारत होते. माझे गुडघे धड नाहीत, हात सरांसारखा नाही. पाचवी-सहावीतली वाटावी अशा एका लहानखुऱ्या मुलीच्या समोर चेंडू खड्ड्यात पडून उडाला, तिच्या खांद्यावरून गेला. मी कागदावर शून्य लिहायला वाकले.

"बाई," ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "लिहू नका. तो टप्पा चुकला. परत मारा."

बाकीच्या मुली वळून बघू लागल्या. त्यांचे सर पुढे येऊन तिला दटावणार होते, मी त्यांना हाताने थांबवलं. खड्डा बघून आले. होता, चांगला वीतभर होता. मी दोन पावलं सरकले आणि चेंडू परत मारला, अगदी सपाट, सरळ तिच्या पायांशी. तो तिच्या ग्लोव्हला लागून सुटला आणि मागे गेला.

तिने तो धावत जाऊन उचलला, माझ्याकडे परत फेकला आणि म्हणाली, "आता लिहा."